मधुमेही कुत्रीचे 'उपचार पूर्ण' कधी होतात?

गौरीला घर मिळालं, पण त्या फॉर्ममधल्या एका रकान्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही. आजारी कुत्रा तात्पुरता सांभाळायला घेऊन त्याच्यासाठी कायमचं घर शोधणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून लिहितेय.

गौरीला डायबिटीस आहे. भरपूर खाऊनही वाळत चाललेली, सारखी पाणी पिणारी, घरभर लघवी करणारी अशी ती संस्थेकडे आली. निदान झालं, नसबंदी झाली (माजानंतरच्या हार्मोनमुळे इन्सुलिन नीट लागू पडत नाही, म्हणून मादीची नसबंदी लांबवू नये), डोस बसला आणि ती माझ्याकडे राहायला आली. इथवर काहीच अडलं नाही.

संस्थेचा नियम असा, की दत्तक द्यायच्या कुत्र्यांच्या यादीत नाव यायचं तर फॉर्मवर 'उपचार पूर्ण' या रकान्यात डॉक्टरांची सही हवी. पाय मोडलेल्या किंवा खरूज झालेल्या कुत्र्यासाठी हे ठीक आहे. डायबिटीसचे उपचार पूर्ण कधी होणार? साधारण १२ तासांच्या अंतराने, दिवसातून दोनदा, जेवणाबरोबर इन्सुलिन, आणि तेही जन्मभर. डॉक्टर म्हणाले, "मी खोटं कसं लिहून देऊ?" त्यांचं बरोबरच होतं. ऑफिसमधल्या बाई म्हणाल्या, "सही नसेल तर फॉर्म पुढे जातच नाही हो." मग नाव कुठे? 'उपचार सुरू' या यादीत. आणि ती यादी दत्तक घ्यायला येणाऱ्या माणसांना दाखवतच नाहीत!

गौरीचं वजन भरलं होतं, शुगर आटोक्यात होती, दाराची बेल वाजली की सगळ्यांच्या आधी तीच दारात. आणि कागदावर ती आजारी, म्हणून कुणाच्या नजरेलाही पडत नव्हती. फोन केला की "मॅडमना विचारते", मॅडमना गाठलं की "कमिटीपुढे ठेवू". कमिटी कधी बसते, ते कुणीच सांगेना. दरम्यान गौरीच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला. डायबिटीस असलेल्या बहुतेक कुत्र्यांना तो होतो, आणि पुष्कळदा झपाट्याने. माझा जीव तुटत होता तो यासाठी. दिसत होतं तेव्हाच ती नव्या घरी गेली असती, तर तिथले जिने, उंबरे, कोपरे तिच्या ओळखीचे झाले असते. तेवढा काळ फायलीत गेला. हे मी विसरणार नाही.

शेवटी मी डॉक्टरांकडून वेगळं पत्र घेतलं: आजार नियंत्रणात आहे, आयुष्यभर इन्सुलिन लागेल, दत्तक देण्यास वैद्यकीय हरकत नाही. ते अर्जाला जोडलं, 'कोणत्या नियमामुळे नाव लावता येत नाही ते लेखी कळवावे' असं खाली लिहिलं आणि अर्जाची पोच घेतली. लेखी द्यायला कुणी तयार नव्हतं. नाव मात्र यादीत लागलं. तुमच्याकडे कायमचा आजार असलेला कुत्रा असेल, मग तो डायबिटीस असो, फिट्स असोत की मागचे पाय गेलेले असोत, असं पत्र पहिल्याच दिवशी करून घ्या. तोंडी बोलण्यात वेळ घालवू नका.

नंतर फोन बरेच आले. "अगं बाई, बिचारी!" म्हणून हळहळणाऱ्यांचा पुन्हा फोन येत नाही, हे माझ्या लवकर लक्षात आलं. ज्यांनी गौरीला नेलं त्या काकूंनी पहिल्याच फोनवर विचारलं, "इंजेक्शनची वेळ थोडी मागेपुढे झाली तर चालते का? आणि ती जेवलीच नाही तर काय करायचं?" मला तिथेच खात्री पटली. (जेवली नाही तर नेहमीचा डोस द्यायचा नाही, आधी डॉक्टरांना विचारायचं.) जाहिरातीत आजार झाकू नका, पण सुरुवात आजाराने करू नका. दिवस कसा जातो ते लिहा: सकाळी खाणं, सुई, फेरी, संध्याकाळी तेच.

काका-काकूंना मी सुई माझ्या घरीच टोचायला लावली, एकदा नव्हे, हात बसेपर्यंत. काकांचा हात पहिल्यांदा थरथरत होता. कातडी चिमटीत उचलायची, तिचा तंबू होतो, त्याच्या बुडाशी सुई घालायची. गौरीचं तोंड भांड्यात होतं, तिने मान वर करूनही पाहिलं नाही. "झालं?" काकांनी विचारलं. इंजेक्शन पाहून न्यायची की नाही ते ठरवू म्हणणारे काका त्यानंतर गाडीत तिला कुठे बसवायचं याचा विचार करायला लागले.

सिरिंजचं आधीच सांगायला हवं होतं. इन्सुलिन ४० युनिटचं असतं आणि १०० युनिटचंही, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये तेवढे युनिट. सिरिंज त्याच आकड्याची हवी. १०० चं औषध ४० च्या सिरिंजने भरलं तर डोस अडीचपट जातो, आणि त्याने जीवही जाऊ शकतो. म्हणून मी बाटली आणि सिरिंजचं खोकं दोन्ही सोबत दिलं, आकडे मोठ्या अक्षरात लिहून. सुई नीट लागली की नाही अशी शंका आली तर दुसरी द्यायची नाही. कुत्रा लटपटायला लागला, थरथरला, तर हिरड्यांना मध किंवा साखरेचा पाक चोळायचा आणि लगेच डॉक्टरांना फोन करायचा. हा कागद त्यांनी फ्रिजवर चिकटवलाय. इन्सुलिन फ्रिजमध्ये ठेवायचं, फ्रीजरमध्ये कधीच नाही, आणि प्रवासात ते बर्फाला थेट टेकू द्यायचं नाही.

नवं घर, नवं खाणं, जास्त चालणं याने डोस बदलू शकतो. गौरीचाही बदलला, थोडा कमी झाला. कुत्रा रुळला की दोन इंजेक्शनांच्या मधल्या वेळेत दर दोनेक तासांनी शुगर तपासून आलेख काढतात, तो डॉक्टरांना दाखवा आणि डोस त्यांनाच ठरवू द्या. दत्तकपत्रात मी एक ओळ हट्टाने घालून घेतली: सांभाळणं जमलं नाही तर गौरी परत माझ्याकडेच येईल. काकूंनी ती वाचली, "याची गरज पडायची नाही" म्हणाल्या आणि सही केली.