क्यूच्या रॉक गार्डनला चार फेऱ्या

लंडनच्या क्यू गार्डन्स या वनस्पती उद्यानात आलेली माणसं पाम हाउस या मोठ्या काचघरासमोर रेंगाळतात आणि रॉक गार्डनमधून, म्हणजे खडकांत डोंगरी झाडं लावलेल्या बागेतून, मात्र झपाझप पुढे जातात. पहिल्यांदा मीही तशीच गेले. नंतर वर्षभरात मुद्दाम चार खेपा केल्या: फेब्रुवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर. वाट तीच, खडक तेच, पण बाग दर खेपेला निराळी. जाणार असाल तर निदान दोन ऋतूंत जा, एवढं आधीच सांगते.

डिस्ट्रिक्ट लाइनने क्यू गार्डन्स स्टेशनला उतरलं की व्हिक्टोरिया गेट चालत पाच-सात मिनिटांवर आहे. आत शिरून उजवा हात धरायचा. प्रिन्सेस ऑफ वेल्स कॉन्झर्व्हेटरी या काचघराच्या आसपास खडक दिसू लागतात. ही बाग 1882 साली पिरनीज पर्वतातल्या एखाद्या दरीच्या धर्तीवर रचली गेली. सुरुवातीला चुनखडीचे दगड होते. नंतर ससेक्सचा वालुकाश्म आला, कारण तो ओल जास्त धरून ठेवतो. दोन्ही बाजूंना जगातल्या डोंगराळ प्रदेशांनुसार वाफे आहेत.

फेब्रुवारीत गेले तेव्हा कडाक्याची थंडी होती. सायक्लमेन कूमची गुलाबी फुलं जमिनीपासून जेमतेम चार बोटं वर, शेजारी बुटके निळे आयरिस. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. क्रोकस ऊब लागल्याशिवाय उघडत नाहीत, ढगाळ सकाळी नुसत्या मिटलेल्या कळ्या दिसतात. म्हणून ऊन पडेल असा दिवस निवडा आणि अकरा ते दोनच्या दरम्यान जा. हिवाळ्यात बाग लवकर बंद होते, तेव्हा वेळ आधी बघून ठेवा.

थंडीत बोटं गारठली की शेजारच्या डेव्हिस अल्पाइन हाउसमध्ये, म्हणजे उंच डोंगरांवरच्या झाडांच्या काचघरात, शिरायचं, असं मी मनाशी ठरवलं होतं. ते चुकलं, कारण ही काचघर असूनही थंड राहण्यासाठी बांधलेली इमारत आहे. 2006 साली उघडलेल्या या उंच कमानीखाली काँक्रीटचा चक्रव्यूह आहे. त्यातून फिरून गार झालेली हवा झाडांपाशी सोडतात, आणि तापलेली हवा वर चढून छतातून निघून जाते. डोंगरावरच्या झाडांना थंडीचं भय नसतं. तिकडे हिवाळाभर ती बर्फाखाली कोरडी झोपलेली असतात. त्यांना मारते ती सखल प्रदेशातल्या हिवाळ्याची ओल. बाहेरच्या वाफ्यांतही रोपांच्या गळ्याशी बारीक खडी पसरलेली दिसेल, तीही पाणी साचून बुंधा कुजू नये म्हणून.

एप्रिलची खेप सगळ्यात श्रीमंत. एकदाच जमणार असेल तर हीच निवडा. रानटी ट्यूलिप, रेशमी लव असलेली जांभळी पल्सॅटिला, गर्द निळे जेंशियन आणि दगडांच्या फटींतून बाहेर आलेल्या सॅक्सिफ्रागांच्या गाद्या. सॅक्सिफ्रागा म्हणजे लॅटिनमध्ये दगड फोडणारी. आपल्याकडच्या औषधांतला हिमालयी पाषाणभेद याच कुळातला, आणि नावही तेच सांगणारं! हे ध्यानात आलं तेव्हा मी त्या वाफ्यापाशी किती वेळ बसून राहिले. काही जातींच्या पानांच्या कडेला पांढरे ठिपके दिसतात; पानाने बाहेर टाकलेला तो चुना आहे. भिंग जवळ ठेवा. उभ्याने यातलं काहीच दिसत नाही, गुडघे टेकावेच लागतात. बसायला एखादं जाड प्लास्टिक नेलं तर कपडे वाचतात.

जुलैत फुलं कमी. कंद जमिनीखाली झोपलेले, पल्सॅटिलाच्या जागी केसाळ बियांचे झुबके. निराश होऊ नका. खडकांची रचना आणि धबधबा नीट बघायला हाच काळ बरा. रिकामी वाटणारी माती मात्र रिकामी नसते, त्यामुळे फोटोसाठी वाफ्यात पाय टाकू नका. फोटो ढगाळ दिवशी चांगले येतात, उन्हात दगड पांढरेफटक दिसतात.

ऑक्टोबरमध्ये सायक्लमेनची दुसरी जात, हेडरिफोलियम, फुलात होती. हिला फुलं आधी आणि पानं मागून. फूल गळलं की देठ स्प्रिंगसारखा गुंडाळत बोंड जमिनीशी आणतो, पुढे मुंग्या बिया नेतात. एका रोपावर फूल, गुंडाळी आणि नुकतं फुटलेलं नक्षीदार पान अशा तिन्ही अवस्था मला सापडल्या. पावसाने दगड निसरडे झाले होते, चांगली पकड असलेले बूट घालून जा. आणि फक्त या कोपऱ्यासाठी दोन तास राखून ठेवा. पाम हाउस त्यानंतर.