मावशीचं बलून लांबलं

मंगळवार, रात्र

मावशीची हृदयाची आखडलेली झडप बलूनने रुंद करायची ठरली होती, ती लांबणीवर गेली. घशातून नळी घालून केलेल्या इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्याला लागून जी छोटी पिशवी असते, तिच्यात गुठळी निघाली. डॉक्टरांनी पडद्यावर बोट ठेवून दाखवली. करडा, बोथट गोळा, जरासा हलणारा. त्याहून मला भीती वाटली ती कप्प्यात धुरासारख्या घुमणाऱ्या रक्ताची. डॉक्टर त्याला ‘स्मोक’च म्हणतात. रक्त पुढे सरकेनासं झालं की असं दिसतं.

मावशीचं पालुपद एकच, "माझं रक्तच जाड." तसं नाही गं बाई. लहानपणी सांधे सुजून ताप आला, त्याने झडप आखडत गेली. दर 21 दिवसांनी पेनिसिलीनचं इंजेक्शन होतं, ते लग्नानंतर बंद पडलं. सासरी कोण आठवण करणार! निरोगी माणसाची ही झडप 4 ते 6 चौरस सेंटीमीटर उघडते, हिची एकही नाही. मागे रक्त तुंबून कप्पा फुगला, ठोके अनियमित झाले, आणि कोपऱ्यात रक्त साकळलं.

बलूनची नळी त्याच कप्प्यातून जाते. धक्का लागून तुकडा सुटला तर थेट मेंदूत. म्हणून आधी रक्त गोठू न देणारी गोळी अ‍ॅसिट्रॉम, रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आयएनआर हा आकडा सारखं रक्त तपासून 2 ते 3 मध्ये ठेवायचा आणि काही आठवड्यांनी पुन्हा इको. मामा चिडले, "नुसत्या गोळ्या देऊन घरी पाठवलं!" पण आत्ता हाच उपचार आहे.

सारखी सुई नको म्हणून तपासणी न लागणारी नवी गोळी मी विचारून पाहिली. या आजारात नको म्हणाले. 2022 मध्ये मोठा अभ्यास झाला, रिव्हारोक्सॅबान या नव्या गोळीपेक्षा अ‍ॅसिट्रॉमसारख्या जुन्याच औषधावर मृत्यू कमी झाले.

मेथी-पालकाने अ‍ॅसिट्रॉमचा परिणाम कमी होतो, तरी त्या बंद नाहीत, रोजचं प्रमाण तेवढं सारखं हवं. "म्हणजे रोज मेथी?" मावशीचा प्रश्न. डॉक्टरही हसले.

गुडघ्यासाठी ती मनाने दुखण्याच्या गोळ्या घेते. अ‍ॅसिट्रॉमबरोबर त्या घेतल्या तर रक्तस्रावाची भीती. पाकीट तिच्या पर्समधून काढून घेतलंय, तेव्हापासून माझ्याशी अबोला आहे.