तुम्ही विचारलंत म्हणून: एवढी जागा रिकामी का सोडली?

जळगावात वेबसाइटची कामं करते, त्यामुळे पहिला प्रश्न पैशांचा असतो हे ठरलेलंच, पण पहिलं डिझाइन दाखवलं की दुसरा प्रश्न हमखास येतो, ताई, एवढी जागा रिकामी का सोडली, इथे अजून दोन फोटो बसतील की. दुकानवाले विचारतात, क्लासवाले विचारतात, परवा भाचीनेही विचारलं, ती आता डिझाइन शिकायला निघालीय. म्हणून एकदाच नीट लिहिते.

रावेरकडच्या एका केळी रोपांच्या नर्सरीचं काम होतं. टिश्यू कल्चरची, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेली रोपं, जास्त करून ग्रँड नैन जातीची, जिला सगळे जी-नाईनच म्हणतात. मालकांना सगळे आप्पा म्हणतात, मी पण. आप्पांना पहिल्याच पानावर सगळं हवं होतं, फिरणारे फोटो, सरकणारी पट्टी, सत्काराचा फोटो, खाली नातवाचा पण. आणि मी काय केलं तर एकदम उलट टोकाला गेले, पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरं, बारीक फाँट, ऑफिसातल्या मोठ्या स्क्रीनवर इतकं सुरेख दिसायचं की मीच बघत बसायचे.

मग मे महिन्यात आप्पांबरोबर एका बागेत गेले, भर दुपार, घड कापणं चालू होतं. तिथल्या एका शेतकरी दादांना फोनवर साइट उघडून दिली, म्हटलं रोपाचा भाव शोधून दाखवा. त्यांनी हाताचा चीक पंचाला पुसला, फोन हाताभर लांब धरला, मग केळीच्या पानाखाली सावलीत नेला, मग वरून दुसऱ्या हाताचा आडोसा केला, आणि शेवटी फोन मला परत देत म्हणाले, "यावर तं काहीच लिहेल नाही, ताई."

ते वाक्य माझ्या अजून कानात आहे. लिहिलेलं सगळं होतं, दिसतच नव्हतं. रंगाच्या कोडमध्ये सहा वेळा ९ टाकला की जो राखाडी येतो तो मी वापरला होता, पांढऱ्यावर त्याचं कॉन्ट्रास्टचं गुणोत्तर, म्हणजे अक्षर आणि मागचा रंग यांच्या उजळपणातल्या फरकाचं माप, २.८५ येतं. वेबसाइट सगळ्यांना वाचता याव्यात म्हणून डब्ल्यूसीएजी नावाचे आंतरराष्ट्रीय नियम आहेत, त्यांच्या २००८ च्या आवृत्तीपासून नेहमीच्या आकाराच्या अक्षरांना किमान ४.५ सांगितलंय, मोठ्या अक्षरांना ३. काळ्या-पांढऱ्याचं २१ असतं, त्याच्या वर काही नाही. म्हणजे माझी अक्षरं सावलीतसुद्धा नापास होती, मे महिन्याचं ऊन तर पुढची गोष्ट. आप्पांना बटण केळीच्या पिवळ्या रंगाचं आणि त्यावर पांढरी अक्षरं हवी होती, शुद्ध पिवळ्यावर पांढरं लिहिलं तर १.०७ येतं आणि त्याच पिवळ्यावर काळं लिहिलं की १९.५६. पिवळा आप्पांचाच ठेवला, अक्षरं काळी केली.

आता रिकाम्या जागेचं. त्याच साइटवर दोन प्रकारच्या रोपांचे फोटो एकाखाली एक होते आणि भाव बरोबर मधोमध, वरच्या फोटोपासून जेवढा लांब तेवढाच खालच्यापासून. नर्सरीत फोन यायचे, हा भाव वरच्याचा का खालच्याचा? आपले डोळे जवळ असलेल्या गोष्टी एका घरच्या धरतात, मॅक्स वर्थायमर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९२३ मध्ये नुसते ठिपके मांडून हे दाखवलं होतं. मी भाव त्याच्या फोटोला चिकटवला आणि त्याखाली चौपट जागा सोडली, बाकी एक अक्षर बदललं नाही. तो प्रश्न बंद झाला.

आप्पांना तरी ती जागा खुपतच होती. मग मीच विचारलं, आप्पा, दोन रोपांत तुम्ही पाच फूट सोडता, पाच बाय पाचला एकरी साडेसतराशेच्या आत रोपं बसतात, मधे अजून घुसवली तर? लगेच म्हणाले, घड पोसत नाही. एवढंच बोलले आणि पुढचं पान दाखव म्हणाले.

मराठीला तर जागा जास्तच लागते हो. इंग्रजी साइटचा साचा उचलून त्यात मराठी ओतली की वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्या-रफारांना जाऊन भिडतात, वाचणारा थकतो आणि का थकला ते त्यालाही कळत नाही. मी ओळींमधलं अंतर अक्षराच्या दीडपटीच्या खाली कधीच ठेवत नाही. आणि कृपा करून अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, इंग्रजीत शोभतं ते, आपल्याकडे शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे पडतात, मला ते बघवत नाही.

पण भाचीला मी अजिंठ्याला घेऊन गेले, जळगावहून जवळच. पहिल्या नंबरच्या लेण्यात बोधिसत्त्व पद्मपाणीच्या चित्रासमोर उभं केलं, म्हटलं बघ. भिंतीवर रिकामी जागा जवळपास नाहीच, माणसं, झाडं, पशुपक्षी, सगळी गर्दी. तरी नजर आधी त्याच्याकडेच जाते, कारण आजूबाजूच्या सगळ्यांपेक्षा तो मोठा काढलाय, मागे गडद आणि त्याच्या अंगावर उजेड. म्हणजे भरलेलं पान वाईट असं मी म्हणत नाही, पहिलं कोण हे ठरलेलं पाहिजे. जागा सोडणं हा ते ठरवायचा सगळ्यात सोपा मार्ग आहे, आणि फोनच्या चार बोटं रुंद स्क्रीनवर बहुतेक वेळा तोच चालतो, अजिंठ्याची भिंत तिथे मावत नाही.

नर्सरीच्या पानावर आता वर भाव, त्याखाली रोपं कधी मिळतील ते, मृगबागेसाठी, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीच्या लागवडीला, आणि कांदेबागेसाठी, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या लागवडीला, वेगवेगळं, आणि सगळ्यात खाली फोन लावायचं पिवळं बटण, पूर्ण रुंदीचं. ॲपल बटणाला किमान ४४ पॉइंट (हे स्क्रीनवरचं माप) सांगतं, अँड्रॉइडवाले ४८, मी ५६ ठेवलं, चिकाने माखलेला अंगठा डोळ्यासमोर होता. सत्काराचा फोटो आत 'आमच्याविषयी'मध्ये गेला, नातू पण; फिरणारे फोटो तेवढे आप्पांच्या आग्रहाने पानावर राहिले.

कांदेबागेच्या आधी आप्पांचा फोन आला, खतांची माहिती पण टाकायची होती पहिल्या पानावर. मी काही बोलायच्या आत स्वतःच म्हणाले, "मग त्याच्यासाठी काय काढायचं, ते सांग." आम्ही फिरणारे फोटो काढून टाकले.