तुम्ही विचारलंत म्हणून : एसी नाही, मग पैसे कशाचे?

सिंधुदुर्गातल्या किनाऱ्यावर चार-पाच झोपड्यांचं, आडबाजूचं इको-रिसॉर्ट म्हटलं की अकोला-यवतमाळकडच्या आपल्या गावांत प्रश्न ठरलेला. "एवढे पैसे घेतात, अन् एसी नाही, टीव्ही नाही. मंग देतो कशाचे?"

एसीचं आधी. एक टनाचा एसी रात्रभरात पाच-सहा युनिट खातो. शेतात सोलर पंप आहे त्यांना हिशेब लगेच कळेल: एक किलोवॅटचं पॅनेल दिवसाला साधारण चार युनिट देतं, आणि रात्री वापरायचं तर बॅटरी वेगळी. बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणारा पंखा रात्र पाव युनिटात काढतो. कूलर तरी ठेवा, असंही म्हणू नका. आपला कूलर चालतो तो कोरड्या हवेवर. ताट्यांवरचं पाणी भराभर उडतं म्हणून वारा गार लागतो. समुद्राकाठी हवा आधीच ओली. पाणी उडत नाही, खोली नुसती दमट होते.

म्हणून झोपडी निवडताना वारा बघायचा. दिवसा खारे वारे समुद्राकडून येतात, रात्री मतलई वारे जमिनीकडून. समुद्राकडे मोठी काच आणि मागे आंधळी भिंत असेल तर रात्रभर उकडणार. मागे खिडकी आहे का, तिला जाळी आहे का, हे फोनवर विचाराच. फोटोत ते दिसत नाही, कारण मागची बाजू कोणी दाखवत नाही.

खरी गोम पाण्यात आहे. खारपाणपट्ट्यातल्या माणसाला खाऱ्या विहिरीचं सांगायला नको, पण किनाऱ्यावरचं कारण वेगळं. वाळूखाली पावसाचं गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. मोटर जास्त चालली की खालचं खारं वर चढतं, आणि खारावलेली विहीर एका पावसाळ्यात सुधारेलच असं नाही. म्हणून शॉवरची धार बारीक, चादरी रोज बदलत नाहीत, पोहण्याचा तलाव नाही. विहिरीला पाचच खोल्या झेपतात, आणि नोकर-चाकर, बॅटऱ्या, गंजणारे खिळे-बिजागऱ्या हा सगळा खर्च त्या पाचांवरच पडतो. पैसे त्याचे. तलावही आहे, रोज धुतलेले टॉवेलही आहेत आणि पाटीवर 'इको'ही आहे, अशा ठिकाणी टँकर किती वाजता येतो ते विचारावं.

भाडं रात्रीला ७,५०० रुपयांच्या वर गेलं की जीएसटी १८ टक्के. सांगितलेला आकडा करासकट आहे का, ते लिहून घ्या.

पोरांच्या सुट्ट्या म्हणून मे धरतात. घामाने हैराण होतात. शेतीवाल्याला जानेवारीअखेर ते फेब्रुवारी बरं: तूर घरात, कापसाची वेचणी बहुतेक आटोपलेली. जून-जुलैत स्वस्त मिळतं, पण १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद आणि समुद्र खवळलेला. नागपूर–मडगाव विशेष गाडी सुरू असली तर वर्धा, बडनेरा, अकोला करत सिंधुदुर्गातल्या कुडाळला नेते. विशेष गाडीच्या तारखा बदलतात, तेव्हा आधी तिकीट, मग खोली.

आता पोहणाऱ्यांसाठी. विहिरीत सूर मारणारा समुद्रातही तरतो, हा समज महागात पडतो. दोन्हीकडे लाटा फुटताहेत आणि मधला पट्टा शांत, गडद दिसतोय, तर तिथे उतरू नका. लाटांनी आणलेलं पाणी त्याच वाटेने आत परततं. त्यात सापडलात तर सरळ किनाऱ्याकडे झुंजू नका, दम संपतो. किनाऱ्याला समांतर पोहत पट्ट्याबाहेर या, मग वळा.

भरतीची वेळ कालनिर्णयातल्या तिथीवरून निघते: तिथीची पाऊणपट. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, दिवसाही आणि रात्रीही. तासभर मागेपुढे धरायचं. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं. त्या दिवसांत खडकाला वळसा घालून पलीकडच्या पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर जाणार असाल, तर ओहोटी सरायच्या आत परत या. भरतीत ती वाट पाण्याखाली जाते.