वेडिंग (पाण्यात उतरून मासेमारी करतानाच्या) बुटांचा तळ: फेल्ट घ्यावा की रबर?

पावसाळ्यात सह्याद्रीतला ओढा ओलांडलेल्या माणसाला शेवाळलेल्या धोंड्याबद्दल वेगळं सांगायला नको. ट्राउट माशांच्या नदीत हेच धोंडे मांडीभर, थंडगार आणि जोरात वाहणाऱ्या पाण्याखाली असतात. पाऊल कशावर पडतंय ते दिसत नाही, ते तळव्यालाच ओळखावं लागतं. न्यूझीलंड असो, अमेरिकेतल्या डोंगराळ नद्या असोत किंवा आपल्याकडची हिमाचलातली तीर्थन, गळ घेऊन पाण्यात उतरायचं तर बुटाचा सोल आधी ठरवावा, रॉड नंतर.

फेल्ट म्हणजे कृत्रिम धाग्यांचा घट्ट दाबलेला नमदा. नव्या बुटाला तो साधारण 12 ते 14 मिमी जाड असतो. शेवाळाचा बुळबुळीत थर दगड आणि सोल यांच्या मध्ये वंगणासारखा बसतो. फेल्टचे हजारो धागे त्या थरातून खाली घुसतात, पाणी स्वतःत शोषून घेतात आणि थेट दगडाला टेकतात. साधा रबर मात्र त्याच थरावर तरंगत राहतो. म्हणून नुसत्या पकडीचा प्रश्न असेल तर शेवाळी गोट्यांवर फेल्ट सरस आहे, हे मान्य करायलाच हवं. जपानमध्ये ओढ्यातून डोंगर चढणारे लोक पूर्वी गवताच्या वहाणा घालत, आता फेल्टच्या तळाचे जोडे घालतात. कारण हेच.

पाण्याबाहेर आलं की फेल्टचं बळ संपतं. चिखलाच्या चढावर आणि ओल्या गवतावर तो घसरतो. बर्फात तर त्याच्या तळाला बर्फ चिकटत जातो, दहा-वीस पावलांत गोळा होतो आणि घोटा मुरगळतो. नदीपर्यंत तासभर पायवाट तुडवायची असेल तर खडकाळ वाटेवर फेल्ट भराभर झिजतो, कडा आधी जातात. जाडी निम्म्यावर आली की पकडही गेली असं समजावं.

फेल्टवर मोठा आक्षेप आहे तो मात्र वेगळ्याच कारणाने. 2004 मध्ये न्यूझीलंडच्या साउथलंडमधल्या वायाऊ नदीत डिडिमो नावाचं एकपेशीय शेवाळ सापडलं. ते दगडांवर तपकिरी-पांढऱ्या गोधडीसारखं पसरतं, इंग्रजीभाषक मच्छीमार त्याला सरळ ‘दगडाचा शेंबूड’ म्हणतात. दिसायला चिकट, पण चिमटीत धरलं तर ओल्या कापसासारखं खरखरीत लागतं. याच्या पेशी पाण्याच्या एका थेंबातूनही पुढच्या नदीत जाऊ शकतात, आणि ओला फेल्ट तर असे असंख्य थेंब कित्येक दिवस सांभाळून ठेवतो. न्यूझीलंडने 2008 मध्ये फेल्टवर बंदी घातली. अमेरिकेत मेरीलँडने 2011 मध्ये आणि अलास्काने 2012 मध्ये तेच केलं, यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात 2018 पासून फेल्ट चालत नाही. उलट व्हरमाँटने 2011 मध्ये घातलेली बंदी 2016 मध्ये उठवली. म्हणजे नियम बदलत राहतात. परवाना काढतानाच त्या नदीचा चालू नियम वाचावा.

आमचं मत स्पष्ट आहे: एकाहून जास्त नद्यांत उतरणार असाल तर रबर घ्या आणि त्याला स्टड लावा. वेडिंगसाठी बनवलेला रबर मऊ असतो, ओल्या दगडावर बरा धरतो, पण शेवाळावर त्याला स्टडची जोड लागतेच. नुसता रबर घेऊन ‘बूट घसरतात’ अशी तक्रार करणारे बहुतेक जण इथेच चुकलेले असतात.

स्टड म्हणजे टंगस्टन कार्बाइडच्या टोकाचे स्क्रू. ते मिळाले नाहीत तर षटकोनी डोक्याचे, आठ नंबरचे, तीन सुती (म्हणजे साडेनऊ मिमी) पत्र्याचे स्क्रू चालतात, फक्त लवकर झिजतात. एका बुटाला 10 ते 14 पुरे. चवड्याच्या आणि टाचेच्या कडेने, सोलच्या जाड रबरी ठोकळ्यांतच, ठोकळ्याच्या मधोमध लावावेत. सोल जिथे वाकतो ती पट्टी मोकळी सोडावी, तिथले स्क्रू उपटून येतात. बसवण्याआधी सोलची जाडी मोजा. लांब स्क्रू आतून तळव्याला टोचतो आणि ते पाण्यात गेल्यावरच कळतं. ड्रिल मशीन हळू चालवा, डोकं रबराला टेकलं की थांबा. जास्त पिळलं की रबरातली भोकं सैल पडतात आणि स्क्रू पहिल्याच फेरीत गळतात.

स्टडचीही अडचण आहेच. गुळगुळीत, सलग, टणक कातळावर स्टडची टोकं रुतत नाहीत आणि पाय चाकावर ठेवल्यासारखा सरकतो. अशा नदीत मऊ ॲल्युमिनियमच्या पट्ट्या लावलेले बूट चांगले, कारण धातू स्वतः ओरखडून दगडाला धरतो. रबरी राफ्टमध्ये स्टड घालून पाय ठेवू नये, एवढं तर सांगायलाच हवं.

माप वेडरचे (पाण्यात घालायच्या जलरोधक विजारीचे) जाड निओप्रिन, म्हणजे फेसाळ रबराचे, मोजे घालूनच घ्या. बहुधा नेहमीपेक्षा एक नंबर मोठा लागतो. घट्ट बुटात रक्त फिरत नाही आणि अर्ध्या तासात बोटं बधिर होतात.

रबर घेतला म्हणून धुण्यातून सुटका नाही. नाड्या, शिलाई आणि आतलं अस्तरही पाणी धरतं. नदीकाठीच चिखल आणि शेवाळ खरवडून टाका. नाड्या आणि आतला सोल काढा. मग 10 लिटर द्रावणात अर्धा लिटर भांड्यांचा साबण, म्हणजे 5 टक्के, असं करून बूट भिजवा. पाणी शोषणाऱ्या भागांना जास्त वेळ लागतो, साबण आतपर्यंत मुरला पाहिजे. उकळतं पाणी ओतू नका, सोलचा गोंद सुटतो. वाळवताना हाताला कोरडे लागले की पुढे आणखी 48 तास मोजायचे. फेल्टला आतून वाळायलाच कित्येक दिवस लागतात, म्हणून शनिवारी एक नदी आणि रविवारी दुसरी असा बेत त्याच्यावर करता येत नाही.

भारतातून न्यूझीलंडला वापरलेले बूट नेत असाल तर तिथल्या प्रवेशाच्या घोषणापत्रात मासेमारीचं सामान नोंदवा. बूट सामानात वरच ठेवा, तपासनीस शिलाईत माती आणि ओल शोधतात.