शातोनफचे गोटे
आज फ्रान्समधल्या आव्हिन्यॉंजवळ शातोनफ-द्यु-पापच्या द्राक्षमळ्यात गेलो होतो आणि अजून डोक्यातून ते गोटेच जात नाहीयेत. माती दिसतच नाही, नुसते गुळगुळीत गोटे, ऱ्होन नदीने कधीकाळी आणून टाकलेले, संध्याकाळी हात ठेवला तर अजून गरम! आम्ही निफाडची माणसं, मांडवावरची द्राक्षं बघत मोठी झालेली, इथे ग्रनाश जातीच्या द्राक्षाच्या जुन्या वेली कमरेएवढ्या, झुडपासारख्या, मांडव नाही, कारण मिस्त्राल वारा सुटला की माणूस उभा राहत नाही, पण तोच वारा पानं सुकवतो म्हणून डाऊनी या बुरशीरोगाची भीती कमी. केवढं भाग्य! तोडणी हातानेच, नियमच आहे. पप्पांना व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर पहिला प्रश्न, ड्रिप कुठंय? म्हटलं नाहीये पप्पा, गोट्यांखालची चिकणमातीच ओल धरते. बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले कॅमेरा खोडाजवळ ने.