'काळ बदलला' म्हणजे नेमकं काय झालं?

मंगळवार, रात्री साडेअकरा

आज दुपारी पत्र आलं. ज्या संस्थेसाठी मी गेली नऊ वर्षं भाषांतरं करते, तिथून. पुढच्या महिन्यापासून मजकुराचं पहिलं भाषांतर यंत्र करणार, ते मला येणार, आणि मी ते 'फक्त तपासून' द्यायचं. शब्दाचा दर निम्मा. चुकीची जबाबदारी मात्र पूर्वीसारखीच माझी. शेवटची ओळ अशी: काळ बदलतोय, आपल्या सगळ्यांनाच बदलावं लागेल.

ती ओळ वाचून मी लॅपटॉप मिटला आणि बराच वेळ तशीच बसून राहिले. हे वाक्य मी आधी ऐकलेलं आहे. चौथीत असताना, आमच्याच घरात.

बाबा कंपोझिटर होते. छापखान्यात शिशाचे खिळे, म्हणजे एकेका अक्षराचे ठसे, जुळवायचे. डाव्या हातात खिळे रचायची स्टिक, आणि उजवा हात समोरच्या खिळ्यांच्या पेटीतल्या खणांवरून फिरत असायचा. कुठलं अक्षर कुठल्या खणात हे बोटांना पाठ, नजर कायम हस्तलिखितावर. खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं. ते वाचायची सवय इतकी मुरली होती की मी टेबलाच्या या बाजूला गृहपाठ लिहीत असले तर ते पलीकडून, वही उलटी दिसत असतानाच, माझी वेलांटीची चूक दाखवायचे. एके दिवशी ते दुपारीच घरी आले. आईने विचारलं, काय झालं? ते म्हणाले, "मालक म्हणाले काळ बदलला, आता सगळं कॉम्प्युटरवर होतं." खिशात तीन महिन्यांचा पगार होता आणि एक खिळा. स्वल्पविराम.

तो खिळा आज माझ्या टेबलाच्या खणात आहे. शाईवर टेकवून कागदावर दाबला की अजून स्वच्छ उमटतो.

बुधवार

आज वेळ लावून पाहिला. एका औषधाचं माहितीपत्रक. एक पान मी स्वतः मुळातून भाषांतरित केलं, पन्नास मिनिटं लागली. तेवढंच दुसरं पान यंत्राने केलेलं घेऊन दुरुस्त केलं, चाळीस मिनिटं. यंत्राची वाक्यं गुळगुळीत असतात आणि तिथेच फसगत होते. वाचताना कुठे अडखळायला होत नाही, त्यामुळे प्रत्येक ओळ मुळाशी लावून पाहावी लागते. मुळात होतं की हे औषध उपाशीपोटी घेऊ नये. यंत्राच्या पानावर होतं 'उपाशीपोटी घ्यावे'. वाक्य निर्दोष, व्याकरण चोख, आणि अर्थ पेशंटला दवाखान्यात पोचवणारा.

म्हणजे वेळ वाचला एक पंचमांश आणि माझे पैसे कमी होणार निम्म्याने. हा हिशोब मी वहीत तीनदा मांडून पाहिला. यंत्राने खरोखर जेवढं वाचवलं, तेवढ्यापुरता दर कमी करा म्हटलं असतं तर मी वाद घातला नसता. त्याच्या वरची जी कपात आहे ती यंत्राची कमाई म्हणता येत नाही. ती माझ्या खिशातून निघतेय. यंत्राचं नाव पुढे केलं की ती मागताना कुणाला संकोच वाटत नाही, एवढंच.

मला यंत्राचा राग नाही. जिथे मजकूर साचेबद्ध आहे तिथे ते मला मदतच करतं.

गुरुवार, पहाटे

झोप लागली नाही म्हणून बाबांच्या धंद्याचा इतिहास काढून बसले. वाटलं होतं तीच एक रडकथा सगळीकडे असेल. तशी ती नाही.

ओटमार मर्गेनथालरने शोधलेलं लायनोटाइप यंत्र १८८६ साली 'न्यू यॉर्क ट्रिब्यून'मध्ये सुरू झालं. कळफलकावर अक्षरं दाबायची आणि अख्खी ओळ शिशात ओतून बाहेर. हाताने खिळे जुळवणारे सगळे घरी बसणार असंच तेव्हा वाटलं असणार. पण अमेरिकेतल्या छपाई कामगारांच्या संघटनेने यंत्राला विरोध करण्याऐवजी, हे यंत्र आमचे कंपोझिटरच चालवतील, हा आग्रह धरला. छपाई स्वस्त झाली, वर्तमानपत्रं जाड झाली, आणि काम वाढलं.

पुढची पाळी आली संगणकाची, आणि इथे दोन शहरांची गोष्ट शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहे.

न्यू यॉर्कमध्ये ८ डिसेंबर १९६२ ते ३१ मार्च १९६३ असे ११४ दिवस वर्तमानपत्रं बंद होती. त्या भांडणात पगाराबरोबर स्वयंचलित जुळणीचा प्रश्नही होता. संपाची किंमत कामगारांनीही मोजली. पुढच्या काही वर्षांत त्या शहरातली कितीतरी दैनिकं बंद पडली आणि त्यांच्याबरोबर नोकऱ्याही गेल्या. ते लपवून चालणार नाही. पण १९७४ साली 'न्यू यॉर्क टाइम्स' आणि 'डेली न्यूज'बरोबर बर्ट्रम पॉवर्स यांच्या कंपोझिटर-संघटनेने करार केला. मालकांना हवं ते यंत्र आणायची मोकळीक, आणि त्या बदल्यात कायम कंपोझिटरांना आयुष्यभराच्या नोकरीची हमी. जुलै १९७८ मध्ये 'टाइम्स'ने शिशाची जुळणी थांबवली. माणसं त्याच इमारतीत राहिली, नव्या टेबलांवर छापील मजकुराच्या कागदी पट्ट्या पानावर चिकटवायला शिकली, आणि वयानुसार निवृत्त होत गेली. धंदा संपला, पण माणसं रस्त्यावर आली नाहीत.

आता लंडन. तिथल्या 'टाइम्स'मध्ये (हे वेगळं वर्तमानपत्र) याच यंत्रांवरून जवळजवळ वर्षभर, डिसेंबर १९७८ पासून नोव्हेंबर १९७९ पर्यंत, अंक निघाला नाही. १९८१ मध्ये ते वर्तमानपत्र माध्यमसम्राट रुपर्ट मर्डॉक यांनी घेतलं. त्यांनी लंडनच्याच वॉपिंग भागात नवी छापखान्याची इमारत उभी केली आणि आत संगणक बसवले. बाहेर सांगितलं की एक नवं सायंदैनिक निघणार आहे. २४ जानेवारी १९८६ ला जुने कामगार संपावर गेले आणि त्यांना नोकरीवरून काढून टाकण्यात आलं. पाच हजारांहून जास्त माणसं. अंक वॉपिंगमधून निघतच राहिले. संप एक वर्षाहून जास्त चालला आणि फेब्रुवारी १९८७ मध्ये हरला.

दोन्हीकडे यंत्रं जवळपास तीच होती. मग फरक कुठे पडला?

एक फरक वेळेचा. न्यू यॉर्कच्या संघटनेने हातात जोर होता तेव्हाच सौदा केला. लंडनच्या कामगारांनी वर्षानुवर्षं नवं यंत्र दारातच अडवलं, कामाच्या जुन्या पद्धती सोडल्या नाहीत, आणि इतरांची सहानुभूती गमावली. हे मला कामगाराची मुलगी असूनही मान्य करावं लागतं. दुसरा फरक कायद्याचा. पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांच्या सरकारने १९८०, १९८२ आणि १९८४ साली केलेल्या कायद्यांमुळे दुसऱ्या कंपनीच्या कामगारांनी पाठिंब्यासाठी काम थांबवणं बेकायदा ठरत गेलं. वॉपिंगचे अंक वितरित करू नका, असं आपल्या सभासदांना सांगितल्याबद्दल न्यायालयाने सोगॅट या छपाई कामगारांच्या संघटनेला दंड केला आणि तिची मालमत्ता ताब्यात घेतली. रात्री अंक घेऊन ट्रक बाहेर पडायचे तेव्हा फाटकावर पोलिसांच्या रांगा असायच्या. संगणक आत होता, पण त्या फाटकावर जे ठरलं ते संसदेत आधीच ठरलेलं होतं.

आमच्या शाळेत विज्ञान, अर्थशास्त्र आणि नागरिकशास्त्र ही तीन वेगळी पुस्तकं होती. बाबांच्या नोकरीचा प्रश्न त्यातल्या कुठल्या पुस्तकात येतो हे मला तेव्हा सांगता आलं नसतं. तो तिन्हींत अर्धा अर्धा होता, आणि पूर्ण कुठेच नव्हता.

शुक्रवार

फार लिहिण्याची ताकद नाही. फक्त एक नोंद.

यंत्र फोडणाऱ्यांना आपण अडाणी समजतो. १८११ साली इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमशायरमध्ये विणकरांनी मोजे विणायचे माग फोडले ते विचार करून. ज्या मालकांनी हलका माल काढून मजुरी पाडली, न शिकलेली माणसं भरली, त्यांचेच माग फुटले, आणि शेजारचे तसेच राहिले. ते हातोडा घेऊन का गेले? कारण बोलणी करायला टेबलच नव्हतं. १७९९ आणि १८०० च्या कायद्यांनी कामगारांनी एकत्र येऊन मजुरी मागणं हाच गुन्हा ठरवला होता. १८१२ मध्ये माग फोडण्याला मृत्युदंडाची शिक्षा आली. कवी बायरनने उमरावांच्या सभागृहात आपल्या पहिल्याच भाषणात त्या विधेयकाला विरोध केला, पण कायदा झाला. जानेवारी १८१३ मध्ये यॉर्कला चाललेल्या खटल्यांनंतर सतरा जण फासावर गेले. एकत्र येण्याची बंदी उठली १८२४ साली.

शनिवार

सकाळी दोघी मैत्रिणींशी बोलले. दोघींनाही तेच पत्र, शब्द न शब्द तेच. एकीने 'हो' कळवूनसुद्धा टाकलं होतं. म्हणाली, "मी नाही म्हटलं तर दुसरी कुणीतरी हो म्हणेलच ना." ती दुसरी कुणीतरी म्हणजे मी, आणि माझ्यासाठी ती. आम्ही तिघी एकमेकींच्या भीतीने दर पाडतोय हे बोलताना लक्षात आलं आणि फोनवर थोडा वेळ कुणीच काही बोललं नाही.

मग मी त्यांना २०२३ चा हॉलिवूडच्या पटकथालेखकांचा संप सांगितला. १४८ दिवस चालला. त्यांचं दुखणं आमच्यासारखंच होतं. यंत्राकडून कच्चा मसुदा लिहून घ्यायचा, लेखकाच्या हातात द्यायचा, आणि हे नुसतं पुनर्लेखन आहे म्हणून पैसे कमी द्यायचे. करारात ती वाट बंद झाली. यंत्राने लिहिलेला मजकूर मूळ साहित्य धरायचा नाही, लेखकाला तो देताना तसं सांगायचं, आणि यंत्र वापरण्याची सक्ती करायची नाही. यंत्रावर बंदी कुणी मागितली नाही. लेखकाला स्वतःहून वापरायचं असेल तर कंपनीच्या संमतीने वापरता येईल, असं ठरलं.

एक मैत्रीण लगेच म्हणाली, ते कर्मचारी आहेत गं, आपण कोण? अगदी खरं आहे. पटकथालेखक कायद्याने कर्मचारी धरले जातात म्हणून त्यांची संघटना बोलणी करू शकते. आम्ही 'स्वतंत्र व्यावसायिक', म्हणजे कागदावर तीन छोट्या कंपन्या. तीन कंपन्यांनी मिळून दर ठरवला तर स्पर्धेचा कायदा त्याला संगनमत म्हणू शकतो. जो कायदा मोठ्या व्यापाऱ्यांनी मिळून भाव चढवू नये म्हणून केला, तोच एकट्या भाषांतरकाराच्या आड येतो. युरोपीय आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, की एकट्याने काम करणाऱ्यांनी कामाच्या अटींसाठी सामूहिक करार केला तर काही परिस्थितींमध्ये तो स्पर्धा कायद्याचा भंग मानायचा नाही. हे वाचलं तेव्हा मला खूप हलकं वाटलं. कुठल्यातरी कार्यालयात बसून कुणीतरी आमचा विचार केला होता. 'कर्मचारी' की 'व्यावसायिक', या एका शब्दावर माझी कमाई अवलंबून आहे, आणि तो शब्द कुठल्याही यंत्राने निवडलेला नाही.

संध्याकाळी बाबांना फोन केला. सगळं सांगितलं, न्यू यॉर्कचंही. ते ऐकत राहिले.

"आयुष्यभराची हमी?" त्यांनी दोनदा विचारलं.

"हो बाबा. कायम होते त्यांना."

"आणि यंत्र तेच?"

"जवळजवळ तेच."

बराच वेळ पलीकडून आवाज आला नाही. मग म्हणाले, "आम्ही अकरा जण होतो. कुणी कुणाशी बोललंच नाही गं. एकेकाला आत बोलावलं, पाकीट दिलं. मला वाटलं माझाच हात कमी पडला असेल." 

इतकी वर्षं ते असं समजत होते. मला हे माहीत नव्हतं. आईलाही नसावं.

"तुमचा हात कुठेच कमी पडला नव्हता," मी म्हटलं.

"तुम्ही तिघी आहात ना? मग उत्तर एकत्र द्या. आणि रागाने लिहू नकोस, हिशोब लिही."

रविवार, सकाळी

तिघींनी मिळून उत्तर लिहिलं. सव्वा पान झालं. तिघींनी आपापली वेळ मोजून तीन-तीन पानांचा तक्ता जोडला. यंत्राचा मसुदा आम्ही घेऊ, पण दर वाचलेल्या वेळेच्या प्रमाणात कमी व्हावा. औषधं, करारपत्रं आणि कोर्टाची कागदपत्रं यांत यंत्राचा मसुदा घ्यायचा की नाही हे भाषांतरकार ठरवेल. यंत्राच्या मसुद्यातली चूक नजरेतून सुटली तर तिची जबाबदारी एकट्या भाषांतरकारावर पडणार नाही. आणि आमच्या दुरुस्त्या यंत्राला शिकवायला वापरल्या जाणार असतील तर तसं आधी सांगावं आणि त्याचा मोबदला ठरवावा. हा चौथा मुद्दा धाकट्या मैत्रिणीने सुचवला. मला तो सुचलाच नव्हता, आणि तोच सगळ्यांत महत्त्वाचा आहे असं आता वाटतंय.

जिने 'हो' कळवलं होतं तिने सकाळी ते मागे घेतलं. तिच्या घरी तिच्या एकटीचीच कमाई येते. तिच्या जागी मी असते तर मागे घेतलं असतं का, हे मी स्वतःला विचारलं आणि उत्तर पटकन आलं नाही.

पाठवण्याआधी बाबांना वाचून दाखवलं. तिसऱ्या ओळीत त्यांनी थांबवलं. "'पण'च्या आधी स्वल्पविराम राहिलाय."

नुसतं ऐकून ओळखलं त्यांनी. घातला. दहा वाजून चार मिनिटांनी पत्र गेलं.